रात्रभर ओट्यावर राहिलेला भात : उकळून भागत नाही (लांबलचक स्वानुभव)

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कुकर रात्री साडेनवाला झाला, भात तसाच ओट्यावर राहिला, सकाळी वास ठीक वाटतोय. सासूबाई म्हणतात फोडणी घालून दणदणीत वाफ आण, काही होत नाही. नवरा म्हणतो आम्ही यावरच वाढलो. पुण्यातला मे महिना आणि घरात तीन वर्षांचं पिल्लू. आधी उत्तर देऊन टाकते : टाकून द्या. वाद नको असेल तर हातातून भांडं सटकलं म्हणा. मी हे दोनदा केलंय.

मी डॉक्टर नाही. घर चालवणारी बाई आहे. खाली जे लिहितेय ते भोगलेलं, थोडं डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि थोडं नंतर वाचलेलं.

काही वर्षांपूर्वी भाच्याची मुंज होती, ठाण्यात, ऐन मेमध्ये. मसालेभात उरला, अर्धं पातेलं. सकाळी अकराला शिजलेला, केटररच्या माणसाने दुपारी तीनला आमच्या हवाली केला. फ्रिजमध्ये श्रीखंडाचे डबे आणि आमरस, बोट शिरायला जागा नाही. मग पातेल्यावर ओला पंचा टाकून ते बाल्कनीच्या दाराशी ठेवलं. रात्रभर वारा लागेल म्हणे! रात्री बाराला वारा कसला, गरम वाफा येत होत्या.

सकाळी साडेआठला काकूने पाण्याचा हबका मारून भात कढईत परतला. बोट लावलं तर चटका बसेल इतका गरम. शितं मोकळी, गोड्या मसाल्याचा आणि तुपाचा वास. मी स्वतः नाक लावून बघितलं होतं, म्हणून सांगतेय. आंबूस नाही, तार नाही, काही नाही. आम्ही सातजण खाल्ला. आणि नऊला कामाच्या मावशी निघाल्या तेव्हा मी त्यांना मोठा स्टीलचा डबा भरून दिला. 'पोरींना द्या, मुंजीचा आहे.' देताना स्वतःच्या दिलदारपणाचं कौतुकही वाटलं.

साडेअकराला बटू ओकायला लागला. मग काकू, मग मी. बाराला आम्ही जवळच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? बाजूला व्याही मंडळी उभी. पाहुण्यांना शिळा भात वाढला हे त्यांच्यासमोर कसं सांगायचं? मी म्हणाले, काल रात्री बाहेर आइस्क्रीम खाल्लं.

माझी खरी चूक ही. भात नव्हे, हे वाक्य.

तिथे 'उन्हाचं पित्त' असं निदान झालं, इंजेक्शन, गुलाबी औषध, 'आज लंघन करा', चला पुढचा. एका घरातले तिघं एकाच तासात ओकतायत म्हणजे सगळ्यांना एकदम पित्त कसं होईल, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. आणि ओकणाऱ्या मुलाला लंघन! पाणीसुद्धा नको म्हणाले. जाऊ दे, त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल. चार वाजेपर्यंत पोरगं मलूल, ओठ कोरडे, सकाळपासून लघवी नाही. दुसरीकडे नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खरं बोलले. त्याने सलाइनची नळी नीट करता करता विचारलं, "उरलेला कुठंय? कुणाला दिलाय का?"

मावशींचा फोन लागेना. लागला तेव्हा साडेपाच. दोन्ही पोरी दुपारपासून ओकत होत्या. त्यांनी डबा दीडला उघडला होता. म्हणजे मी बाराला खरं बोलले असते तर दीड तास हातात होता, एका फोनचं काम. मावशींचे चार दिवस बुडाले, बाकीच्या दोन घरांनी पैसे कापले. ते मी भरून दिले, पण त्या म्हणाल्या, "ताई, मला वाटलं उन्हातनं आल्यात म्हणून." माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता.

आता उकळण्याबद्दल, कारण तुमचा सगळा वाद तिथेच अडलाय. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, असतात. ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. सकाळच्या वाफेने जंतू मरतील, विष मरत नाही. उलट्या करवणारं हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपल्या कुकरमध्ये पूर्ण दाब धरला की तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. म्हणजे काकूची कढई सोडा, परत चार शिट्ट्या काढल्या असत्या तरी तेच. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आमच्या तीन तासांत झाल्या. आणि वास? या विषाला वास नाही, चव नाही. आंबलेला भात निदान नाकाला सांगतो तरी.

'अजून कोमट आहे म्हणजे चांगला आहे' हेही उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये. ते ५ अंशांखाली तरी असावं नाहीतर ६० च्या वर. मधलं सगळं जंतूंचं माहेर. कुकरमध्ये भाताचं भांडं तसंच राहिलं की खाली गरम पाणी, वर झाकण, म्हणजे रात्रभर ऊब. 'झाकण उघडलंच नाही, मग काय होणार' असं कुणी म्हणालं तर बीजाणू आतच असतात हे सांगा. ऐकतील असं नाही.

'आम्ही यावरच वाढलो' याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. माझी आजी मोजून रांधायची, उरायचंच मूठभर, तेही सकाळी सहाला ताकात कालवून संपायचं. शेणाने सारवलेलं घर, शिंकाळं. आठव्या मजल्यावरचं पश्चिमेचं स्वयंपाकघर आणि ते घर यांची तुलना कशाला? शिवाय तेव्हाही पोटं बिघडायची. त्याला 'बाधलं' म्हणायचे आणि मीठमोहऱ्या ओवाळायचे. ओडिशात भात पाण्यात घालून पखाळ करतात, त्याचा दाखला हमखास येईल. तिथे भात पाण्यात बुडवून मुद्दाम आंबवतात, आंबटपणा वाढतो. पातेल्यात नुसता पडून राहिलेला भात म्हणजे पखाळ नव्हे.

आमच्याकडे आता काय करतात ते सांगते. पटलं तर घ्या. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरायचा, पंख्याखाली. तासाभरात उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. 'गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो' म्हणून रात्री अकरापर्यंत वाट बघणं आणि मग विसरून झोपणं, हे आमच्याच नव्हे, सगळ्यांच्याच घरात होतं. डबा कोमट असला तरी फ्रिजचं काही जात नाही. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात, एकदाच गरम करून, तिसऱ्या दिवसाला नाही. फोडणीच्या भातावर माझा राग नाही हो, आवडतो. पण तो फ्रिजमधल्या भाताचा.

बाकी पदार्थांत मी इतकी कडक नाही. पोळी, भाकरी रात्रभर डब्यात राहिली तर खुशाल कुस्करा करते, त्यात पाणी कमी असतं. बुरशी किंवा तार दिसली तर सोडा. दशम्या तर प्रवासासाठीच असतात. ओलं खोबरं घातलेली आमटी, पनीर, मटणाचा रस्सा, बासुंदी, खिचडी बाहेर राहिली तर टाकते. साध्या वरणाबाबत घरात अजून भांडण आहे. मी टाकते, नवरा तोंड पाडतो.

तुमच्या घरी कुणी आधीच चव घेतली असेल तर घाबरू नका, बहुतेकांना काही होत नाही किंवा दिवसभरात उतरतं. पण ओआरएसचं पाकीट आणून ठेवा आणि ते अख्खं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. चिमूटभर पेल्यात घालायचं नाही, प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. मूल सहा तास शू करत नसेल, डोळे खोल गेले असतील, शौचाला रक्त असेल किंवा झापड असेल तर इथे विचारत बसू नका, सरळ न्या. आणि काय खाल्लं ते खरं सांगा, कोणीही बाजूला उभं असू दे.

आणि हो, तो भात तुमच्याकडच्या ताईंना किंवा वॉचमनकाकांना देऊ नका. गायीलाही नको, शिजवलेला भात जास्त झाला तर तिचंही पोट बिघडतं. ओल्या कचऱ्यात घाला.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. डबा दिला की त्या आधी झाकण उघडतात, वास घेतात आणि विचारतात, "आजचाच ना, ताई?"