“थायरॉइडची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही ना, मॅडम?”

एप्रिलचा शेवटचा आठवडा. कराडात दुपारी अंगाची लाही लाही होत होती आणि समोर बसलेल्या ताईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मॅडम, पंखा जरा बारीक करता का?” शेजारी त्यांचे मिस्टर घामाने डबडबले होते.

बोलायला सुरुवात मिस्टरांनीच केली. “हिचं मन कुठंच लागत नाही. केव्हाही रडायला लागते. सुटीच्या दिवशी नऊ-नऊ वाजेपर्यंत निजते. आईनं जरा काही म्हटलं की दोन दिवस अबोला. तुम्ही हिला नीट समजावून सांगा.” ताई मान खाली घालून ऐकत होत्या. मग घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, “मी कामचुकार नव्हते हो, मॅडम.”

ताई अंगणवाडी सेविका आहेत, वय 34. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. पण रडू, थकवा, विसरभोळेपणा अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी शरीराची चौकशी करते. ही सवय मला एका चुकीनं लावली. कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंसोबत मी चार महिने विचार बदलण्याचे आणि दिनक्रम लावण्याचे सराव करत बसले होते. त्या प्रामाणिकपणे सगळं करायच्या, आणि फरक पडत नाही म्हणून स्वतःलाच दोष द्यायच्या. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड पार खाली गेलेला निघाला. ते चार महिने मी त्यांना परत देऊ शकत नाही.

म्हणून या ताईंना विचारत गेले. थंडी वाजते का? वाजते, भर उन्हातसुद्धा. पोट साफ होतं? तीन-तीन दिवस नाही. पाळी? अंगावरून खूप जातं. केस विंचरताना हातात येतात, टाचा फुटल्यात, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असते. आणि आवाज? हे विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “बडबडगीतं म्हणताना आवाज फाटतो आता. पोरं म्हणतात, बाई, तुमचा घसा बसलाय.”

मी म्हटलं, ताई, थायरॉइडची तपासणी कधी केली होती का? त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं, मग पर्स उघडली. टिकल्यांच्या पाकिटाखाली चार घड्या घातलेला रिपोर्ट होता आणि त्यात गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप. एकही गोळी फोडलेली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी एका आरोग्य शिबिरात रक्त घेतलं होतं. टीएसएच 38, आणि टी-4, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन, खाली. मिस्टरांना याचा पत्ताच नव्हता.

“रोज एक घ्या म्हणाले, बाकी काही सांगितलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, एकदा सुरू झाली की जन्मात सुटत नाही, शरीराला सवय लागते. शिवाय रिपोर्टात जास्त आलंय आणि डॉक्टर म्हणाले थायरॉइड कमी आहे. मग नक्की कुणाचं खरं?”

या शंका मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्यांना घाईघाईत उत्तर देऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. समजल्याशिवाय माणूस गोळी घेत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

मी विचारलं, “ताई, महिन्याचा अहवाल वेळेवर गेला तर सुपरवायझर मॅडमचे फोन किती येतात?”

“एखादा. नाही तर तोही नाही.”

“आणि अहवाल रखडला तर?”

“मग काय, फोनवर फोन.”

टीएसएच म्हणजे तो फोन. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका म्हणजे पिट्युटरी. तिचं लक्ष रक्तात थायरॉइडचं हॉर्मोन किती आहे याकडे असतं. थायरॉइड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याखाली, फुलपाखरानं पंख पसरावेत तशी बसलेली. ती हॉर्मोन पुरेसं सोडत असेल तर पीयूषिका हळू आवाजात बोलते. टीएसएच साधारण 0.4 ते 4 च्या आसपास राहतं, लॅबप्रमाणे थोडंफार मागंपुढं. हॉर्मोन कमी पडलं की फोन वाढतात. 38 हा आकडा थायरॉइडच्या कामाचा नव्हेच, तिला घातलेल्या हाकांचा आहे. म्हणून टीएसएच जास्त आणि थायरॉइड कमी, दोन्ही खरं.

“म्हणजे वरून फोन येतायत आणि खाली कुणी उचलतच नाही,” ताई म्हणाल्या. मी तरी याहून चांगलं सांगू शकले नसते. मग त्यांनीच विचारलं, “सुपरवायझरच्या वर सीडीपीओ असतात, तसं इथंही कुणी आहे का?” आहे. पीयूषिकेच्या वर मेंदूतलाच हायपोथॅलॅमस नावाचा भाग. तोही आपला एक संदेश खाली पाठवतो. आणि पीयूषिका एकट्या थायरॉइडला सांभाळत नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, बीजकोश, बाळंतिणीचं दूध, मुलांची वाढ, सगळीकडे तिचे निरोप जातात. थायरॉइड बिघडला की पाळीही का बिघडते, हे त्यामुळे कळतं.

थायरॉइडचं हॉर्मोन शरीराची चाल ठरवतं. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, कातडी, केस, आणि मेंदूसुद्धा. ते उणं पडलं की सगळंच मंदावतं. विचार मंदावतात, शब्द आठवत नाहीत, मन खाली बसतं. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस दिसतो. मी हे मिस्टरांकडे बघून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पाय हलवायचे थांबले.

“मीठ तर आम्ही आयोडीनचंच खातो,” ताई म्हणाल्या. खरं आहे. हॉर्मोन बनायला आयोडीन लागतंच. पण मिठातून ते मिळत असतानाही थायरॉइड मंदावण्याचं नेहमीचं कारण वेगळं असतं: शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये अशा ग्रंथींचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्या आजाराला त्यांचं नाव आहे. पुढे ताईंची अँटी-टीपीओ, म्हणजे हा हल्ला रक्तात दाखवणारी, तपासणी झाली आणि त्यांच्या बाबतीत हेच निघालं.

आता सवयीचं. व्यसनाच्या पदार्थाची तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते. या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. ग्रंथी जे टी-4 बनवते तेच, कारखान्यात बनवलेलं. ती सोडली तर नवं काही होत नाही, माणूस गोळीआधी जिथं होता तिथंच परत जातो. ती प्रत्येकीला जन्मभर लागते असंही नाही. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉइड पुष्कळदा काही महिन्यांत सावरतो. थोडंसंच टीएसएच वाढलं असेल तर डॉक्टर कधी गोळी न देता नुसतं लक्ष ठेवतात. पण ताईंसारखी ग्रंथीच झिजत चालली असेल तर बहुधा कायम लागते, आणि ते मी लपवलं नाही. खोटा धीर दिला तर दुसऱ्या भेटीला माणूस येत नाही.

त्यांना मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची गोष्ट सांगितली. 1891 मध्ये तिथल्या जॉर्ज मरे या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून 46 वर्षांच्या एका बाईला टोचला. तोवर हा आजार बळावलेली माणसं सुजत, सुस्तावत जायची आणि त्यातच संपायची. ही बाई आणखी 28 वर्षं जगली. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “28 वर्षांत माझी पोरगी केवढी होईल!”

त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेल्या, गोळी सुरू झाली. आणि दहाव्या दिवशी फोन, “काहीच फरक नाही, मॅडम.” कुत्रं अंगावर आलं की अ‍ॅड्रेनलिन क्षणात काम करतं, जेवणानंतर इन्शुलिन काही मिनिटांत. थायरॉइडचा कारभार असा नाही. टी-4 रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात ते म्हणूनच.

जूनच्या मध्यावर रिपोर्ट आला: 19. उतरलं होतं, पण डॉक्टरांच्या अपेक्षेइतकं नाही. ते गोळी वाढवायच्या बेतात होते. मी ताईंना सकाळ कशी जाते ते अगदी उठल्यापासून सांगायला लावलं. उठतात, चूल-चहा, चहासोबत ही गोळी, आणि विसरायला नको म्हणून त्याच घोटात रक्तवाढीची लाल गोळी. इतरांना वाटताना “जेवणानंतर घ्या” असं सांगणाऱ्या ताई स्वतः मात्र दोन्ही एकदम घेत होत्या! लोह आणि कॅल्शियम ही गोळी आतड्यात अडवून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. चहाही नको. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. हे डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी मात्रा तीच ठेवली, लाल गोळी रात्रीवर नेली. ऑगस्टमध्ये टीएसएच 3.6 आलं.

आवाज परत आला. पोट, सूज, थंडी, सगळं निवळत गेलं. वजन तीनच किलो उतरलं, त्याची त्यांना थोडी निराशा वाटली. पण थायरॉइडमुळे चढलेलं वजन बरंचसं अंगात साठलेलं पाणी असतं, सगळा भार त्या एका ग्रंथीवर टाकता येत नाही.

रडू मात्र पुरतं गेलं नाही. दोन-अडीच वर्षं “झोपाळू”, “आयतं खाणारी” ऐकलेलं असतं, ते काही रक्तात नसतं. माझं खरं काम तिथून पुढे सुरू झालं. तिसऱ्या भेटीत मिस्टर एकटेच आधी आत आले आणि म्हणाले, “मी तिला लई बोललोय, मॅडम. आता काय म्हणू?” मी म्हटलं, हेच म्हणा, आणि माझ्यापुढं नको, तिच्यापुढं म्हणा. त्यांनी ते कधी, कसं म्हटलं हे मी विचारलेलं नाही. हल्ली पहाटे तांब्याभर पाणी आणि गोळी उशाशी तेच ठेवतात, एवढं ताईंनी सांगितलं.

सासूबाई अजून आल्यागेल्यासमोर “आमची सून गोळीवर आहे” म्हणतात आणि ते ताईंना लागतं. पुढची भेट गौरी-गणपती झाल्यावर ठरली आहे. येताना त्यांनाही घेऊन या, असं मी सांगितलं आहे.