पाझर तलावातलं प्राणिप्लवक मे महिन्यात एक आणि हिवाळ्यात दुसरंच, हे तापमानामुळेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गावाजवळच्या पाझर तलावातल्या प्राणिप्लवकाचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचे, वर्षभर दर महिन्याला नमुने घेतलेत. सोबत पाण्याचं तापमान, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजलात. मे महिन्यात अगदी बारीक रोटिफरच रोटिफर, थंडीत पाण्यातल्या पिसवा आणि कोपेपॉड हे त्याहून मोठे, कवचधारी प्राणी भरपूर, जुलैत बाटलीत जवळजवळ काहीच नाही. तापमानाशी सहसंबंध छान लागतोय, तर ‘तापमान हे मुख्य कारण’ असं लिहून टाकू का?

निदान एवढ्यावर लिहू नका. मी लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, “तळ्यात मासे कुठले सोडलेत?” मला सांगता आलं नाही. तलाव ज्यांनी मासेमारीसाठी घेतला होता त्यांच्या झोपडीवर मी वर्षभर चहा प्यायलो होतो, पण बीज कधी आणि कशाचं सोडलं हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आधी जुलै, कारण ते सोपं आहे. पहिल्या मोठ्या पावसात तलाव भरतो, सांडवा वाहायला लागतो आणि प्लवक त्याच्याबरोबर खाली निघून जातं. जे उरतं ते कितीतरी पट जास्त पाण्यात विखुरतं. वर लाल गढूळ पाणी, म्हणजे शेवाळाला उजेड नाही. पिसवा पाणी गाळून खातात, त्यांच्या गाळणीत अन्नाऐवजी मातीच जास्त येते. पाणी तलावात किती दिवस थांबतं ही गोष्ट कुठल्याही मीटरवर दिसत नाही, पण पावसाळ्यात तीच सगळं ठरवते. रोटिफरची संख्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. कोपेपॉडला अंड्यापासून प्रौढ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पाणी आठवड्याभरात बदलत असेल तर कोपेपॉडची पिढी पुरी व्हायच्या आत वाहून जाते. सांडवा कधी सुरू झाला आणि कधी थांबला, एवढ्या दोन तारखा गावातल्या कुणाकडूनही मिळतील. त्या तक्त्यात घाला.

आता मे. तुमच्या प्रश्नाचा जीव इथे आहे.

उन्हाळ्यात एकाच वेळी चार गोष्टी घडतात. पाणी तापतं. पातळी उतरते. उरलेलं पाणी हिरवं होतं. आणि पावसाळ्यात सोडलेली मत्स्यबोटुकली वर्षभर वाढून आता त्या एवढ्याशा डबक्यात दाटीवाटीने राहतात. चारही गोष्टी मेमध्ये टोकाला जातात, त्यामुळे कुठलीही एक घेतली तरी सहसंबंध लागणारच. तुम्ही तापमान मोजलंत म्हणून तापमान सापडलं. मासे मोजले असते तर मासे सापडले असते.

कटला तर आयुष्यभर मुख्यतः प्राणिप्लवकावरच जगतो. चिलापीची पिल्लंही तेच खातात. नजरेने शिकार टिपणारा मासा आधी मोठा घास उचलतो, आणि दीड मिलिमीटरची पिसू म्हणजे त्याच्या दृष्टीने ठसठशीत घास. पाव मिलिमीटरचा रोटिफर त्याच्या नजरेत भरत नाही. मोठ्या पिसवा संपल्या की त्या जे शेवाळ खात होत्या ते रोटिफरांना मोकळं मिळतं. म्हणजे तुमच्या मेच्या रोटिफरांना उन्हाने आणलं की कटल्याने, हे निव्वळ थर्मामीटरवरून सांगता येत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कनेटिकटमधल्या क्रिस्टल लेकचे 1942 सालचे नमुने जपून ठेवलेले होते. नंतर त्या तलावात हेरिंगच्या कुळातला, प्लवक खाणारा एक मासा आला. ब्रूक्स आणि डॉडसन यांनी 1964 मध्ये पुन्हा जाळं फिरवलं तर डॅफ्निया वंशाच्या मोठ्या पिसवा नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी बॉस्मिना वंशाच्या बारीक पिसवा नांदत होत्या. तलाव तोच, हवामान तेच. 1965 साली त्यांनी हे छापलं आणि प्लवकाकडे बघायची रीतच बदलली. म्हणून जातींची नावं लावण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली नुसती लांबी मोजा. दर महिन्याच्या शंभर प्राण्यांची लांबी तुम्हाला माशांबद्दल पुष्कळ सांगून जाईल.

तापमानाला मी अगदीच हाकलून देत नाही. ते वेग ठरवतं: अंडं किती दिवसांत फुटणार, किती खाणार, किती लवकर मरणार. शिवाय 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. पण तुम्ही मोजता सकाळी अकराला, तेव्हा हिरव्या पाण्यात ऑक्सिजन उतू जात असतो. त्याच पाण्यात पहाटे पाचला तो जवळजवळ शून्यावर आलेला असू शकतो. प्लवकाला जगायचं असतं ते पहाटे पाचच्या पाण्यात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सांडपाणी साचलेलं एखादं डबकं शोधा. तिथे कधीकधी पाण्यात तांबूस ढग हलताना दिसतो. चहाच्या गाळणीत थोडं घेऊन पांढऱ्या बशीत ओता: टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके झटके देत पळतात. ती मोइना, पिसवांचाच एक वंश. ऑक्सिजन कमी झाला की ती आणि डॅफ्निया दोघीही अंगात हिमोग्लोबिन वाढवतात आणि लाल दिसायला लागतात. मत्स्यालयाचा छंद असणारी पोरं हीच पकडून माशांच्या पिल्लांना घालतात. मोइनाबरोबर ब्रॅकिओनस वंशाचे रोटिफर खच्चून भरलेले असतील तर पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर आहे असं समजायला हरकत नाही. उलट पाण्यावर मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाचा हिरवा तवंग असेल तर मोठ्या पिसवांची पंचाईत होते. त्याच्या गोळ्यांनी गाळणी तुंबते, आणि काही वाण विषारीही असतात.

कॅल्शियमची काळजी करू नका. तुमचं पाणी बेसाल्टवरचं आहे, पिसवांच्या कवचाला पुरेल इतका चुना त्यात असतो. कॅनडात ग्रॅनाइटवरच्या तलावांमध्ये मात्र लिटरला दीड मिलिग्रॅमच्या खाली कॅल्शियम गेल्यावर डॅफ्निया मागे पडल्या. आपल्याकडे असं बघायचं तर कोकणातल्या किंवा कासच्या जांभ्या सड्यांवरची डबकी बघा, पण तो वेगळाच प्रकल्प होईल.

वेळेबद्दल एक सांगतो, कारण माझी निम्मी मेहनत इथेच वाया गेली. मी सगळे नमुने दुपारी, काठावरून, बादलीने घेतले आणि ‘कोपेपॉड विरळ’ असं लिहिलं. ते विरळ नव्हते, खाली होते. उजेडात मासा बघतो म्हणून दिवसा खोल जायचं, अंधार पडला की वर येऊन खायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. आफ्रिकेत मोझांबिकमधल्या काहोरा बासा धरणात ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञाला तर प्लवकाची संख्या चंद्राच्या कलांबरोबर वरखाली होताना दिसली. पौर्णिमेनंतरच्या रात्री चंद्र उशिरा उगवतो. अंधार बघून प्लवक वर येतं, आणि मग अचानक चांदणं पडतं. तिथल्या सार्डिन माशांची मेजवानीच. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसतो, ते मासेही जवळपास तेच करतात म्हणायचे. तेव्हा एकदा तरी रात्री जा (एकटे नको), आणि नमुन्यासोबत तिथीही लिहा.

जाळीचंही तेच. छिद्र 150 मायक्रॉनचं असेल तर बरेचसे रोटिफर निसटतात आणि मग ‘रोटिफर कमी’ हा निष्कर्ष तुमच्या जाळीचा असतो, तलावाचा नाही. 50 मायक्रॉनच्या आसपासचं कापड वापरा. फॉर्मालिनमध्ये साखर विरघळवून घ्या, म्हणजे पिसवा फुगत नाहीत आणि पाठीवरची अंडी गळत नाहीत. हसू येईल, पण ही मान्य पद्धत आहे.

थंडीतल्या पिसवा येतात कुठून, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. बऱ्याचशा चिखलातून. दिवस चांगले असतात तेव्हा डॅफ्नियाच्या माद्या नराशिवायच पोरी जन्माला घालत राहतात. गर्दी झाली, अन्न कमी पडलं की नर जन्मतात आणि खोगिरासारख्या दिसणाऱ्या काळपट डबीत टिकाऊ अंडी तयार होतात. ती गाळात पडून राहतात, वाळतात, तरी मरत नाहीत. अमेरिकेत तळ्यांच्या गाळातली कोपेपॉडची तीनशेहून अधिक वर्षं जुनी अंडी फुटलेली आहेत. म्हणून तुमच्या तलावातला गाळ अलीकडे काढून शेतात टाकला असेल तर तेही टिपून ठेवा. अंड्यांची ही ठेव वरच्या थरातच जास्त असते, आणि जेसीबी सुरुवात तिथूनच करतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या नव्या शेततळ्यात तर ही ठेव नसतेच, तिथे वारा, पाखरं आणि पंपाचं पाणी जे आणतील ते.

पुढच्या मेमध्ये काठाचा भेगाळलेला गाळ मूठभर आणा, काचेच्या बरणीत घालून वर चार बोटं पाणी ओता आणि उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. बहुतेक आठवड्याच्या आत काहीतरी हलायला लागेल. पाणी विहिरीचं घेणार असाल तर ते आधी तुमच्या जाळीच्याच कापडातून गाळून घ्या. नारूच्या काळात लोकांना पाणी कपड्याने गाळायला सांगायचे ते विहिरीतल्या सायक्लॉप्स या कोपेपॉडसाठीच, त्याच्याच पोटातून नारूची अळी माणसात जायची. 1996 नंतर देशात नारूचा रुग्ण नाही आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, पण सायक्लॉप्स विहिरीत अजून आहेत. न गाळता ओतलंत तर ते तळ्यातले म्हणून मोजाल.