बीट अंमलदाराला मोहल्ला समितीची बैठक नकोशी का होते?

तुम्ही विचारलंय की मोहल्ला समितीच्या, म्हणजे वस्तीतले रहिवासी आणि पोलीस यांच्या एकत्र समितीच्या, बैठकीत पोलीस ठाण्याची माणसं कंटाळून का बसतात, त्यांना हे काम पटतच नाही का. माझ्या मते कल्पनेला फारसा विरोध नसतो, राग असतो तो जमेस न धरल्या जाणाऱ्या कामाचा.

पोलीस निरीक्षकाला क्राइम मीटिंगमध्ये, म्हणजे वरिष्ठांच्या गुन्हे आढावा बैठकीत, जाब द्यावा लागतो तो प्रलंबित गुन्ह्यांचा आणि घरफोड्यांचा. समितीने गल्लीतलं भांडण मिटवलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? बीट अंमलदाराच्या, म्हणजे ठरावीक भाग सांभाळणाऱ्या पोलिसाच्या, मागे समन्स, पासपोर्टची पडताळणी, आरोपीला कोर्टात नेणं आणि वर सणांचा बंदोबस्त. मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा नुसता प्रयोगसुद्धा थेट २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, यावरून काय ते ओळखा.

दुसरं कारण समितीतच असतं. काही जण ओळखपत्र मिरवत पकडलेल्या गाड्या सोडवायला साहेबांकडे जातात. असे दोघे असले तरी अख्खी समिती पोलिसांच्या मनातून उतरते.

भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, त्यात पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली आणि जबाबदारी ठाण्यातल्या पोलिसांवरच टाकली. १९९२-९३ ला मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. नंतर नक्कल करणाऱ्यांनी बैठका उचलल्या, पण अंमलदाराला दिलेली जबाबदारी मात्र गाळली.

आता तुमच्या हातातलं. बैठक पाऊण तासात संपवा, विषय तीनच ठेवा. ‘पोरं त्रास देतात’ असं मोघम नको. ‘शाळेमागच्या बोळात, रात्री दहानंतर’ असं ठिकाण-वेळेसह सांगा. बंद दिवे आणि कचरा महापालिकेकडे न्या. बैठकीची नोंद स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) घ्यावी म्हणून निरीक्षकांना लेखी विनंती करा, म्हणजे तो वेळ ड्युटीत दाखवायला आधार राहतो. अंमलदाराने काम तडीस नेलं तर वरिष्ठांना त्याच्या नावानिशी पत्र द्या. बक्षिसाच्या शिफारशीला ते उपयोगी पडतं. ‘गांजा कोण विकतो?’ हा प्रश्न चारचौघांत कुणालाही विचारू देऊ नका, कारण नाव घेणारा पुढच्या बैठकीला येत नाही. आणि अंमलदाराची बदली झाली की जुन्यालाच नव्याची गल्लीत ओळख करून द्यायला सांगा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.