तुमची गाडी, तुमचे प्रश्न : लेकीची हायब्रिड आणि तिकडचा बर्फ

प्रश्न : नमस्कार सर, मी इंदिरानगरला राहतो, रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनियापोलिसजवळ असतात. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, शिफ्ट सकाळी सहाची, म्हणजे घरून पावणेपाचला निघावं लागतं आणि जाऊन-येऊन रोजचे ऐंशी-नव्वद किलोमीटर. मागच्या वर्षी त्यांनी ऑल व्हील ड्राइव्हवाली हायब्रिड गाडी घेतली म्हणून मी निर्धास्त होतो, पण परवा व्हिडिओ कॉलवर ती बोलता बोलता बोलून गेली की सिग्नलला ब्रेक मारला तर गाडी थांबलीच नाही, घसरत पार चौकाच्या मध्यापर्यंत गेली, नशिबाने आडवं कोणी आलं नाही. वर म्हणते, बाबा होतं असं कधीकधी, गाडीची चारही चाकं ओढतात, काळजी करू नका. तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाहीये. गाडीत काही दोष असेल का? डिसेंबरात आम्ही जाणार आहोत, तिला काय सांगू?

उत्तर : काका, मला तरी हा गाडीचा दोष वाटत नाही. कामानिमित्त मी तिकडे दोन हिवाळे काढलेत आणि पहिल्याच हिवाळ्यात माझंही असंच झालं होतं, सिग्नल लाल, पाय ब्रेकवर आणि गाडी आपली पुढे चाललीये, तेव्हा पोटात जो गोळा आला तो आज तुमचं पत्र वाचून परत आठवला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑल व्हील ड्राइव्हचं काम काय तर गाडीला ओढ देणं. चारही चाकांना ताकद मिळते त्यामुळे बर्फातून गाडी उठते, चढ चढते, एक चाक फिरत राहिलं तरी बाकीची ओढून नेतात. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात ना, आपल्या जुन्या मारुती आठशेलाही होते! म्हणजे थांबायच्या वेळी तिची गाडी आणि शेजाऱ्याची साधी गाडी सारखीच, उलट हायब्रिडला पेट्रोल इंजिनाशिवाय बॅटरीचं आणि मोटरचं वजन जास्तीचं. खरा घोटाळा इथेच होतो, निघताना गाडी इतकी छान निघते की रस्ता निसरडा आहे हे पायाला कळतच नाही, ते कळतं एकदम ब्रेक मारल्यावर. आपल्याकडे कसारा घाटात पहिल्या पावसात जे होतं तेच, फक्त तिथे ते चार-पाच महिने रोज असतं.

थांबवतो तो टायर. तिच्या गाडीला बहुतेक कंपनीतून आलेले ऑल सीझन टायर असतील, ते एकदा विचारा. साधारण ७ अंशांच्या खाली या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. आपल्या निफाडला पारा ४-५ वर आला की द्राक्षवाले बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, आणि मिनेसोटात जानेवारीच्या पहाटे उणे २० चं कोणाला नवल वाटत नाही, तिथे त्या रबराचं काय होत असेल बघा. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. ओळखायची खूण म्हणजे बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेला असतो, नुसतं एम आणि एस (म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आणि घ्यायचे तर चारही घ्यायचे, पुढचे दोनच बदलले तर पुढची चाकं धरतात आणि मागची बाजू फिरते. खर्च होतो, पण हिवाळाभर दुसरा सेट घरात पडून असतो, झिजत नाही, त्यामुळे तो पैसा काही सगळाच वाया जात नाही. डिसेंबरात जाताना पोरीला साडी-दागिना काही घेणार असाल तर त्याऐवजी हे पैसे द्या, असं मी अगदी मनापासून सांगतो.

तिची गाडी नेमकी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना इंजिनापासून शाफ्ट जातच नाही, मागे वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते. टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये गेली काही वर्षं ती ५४ हॉर्सपॉवरची होती, म्हणजे चौकातून उठायला, थोडा बर्फ ओलांडायला भरपूर, पण गाडी खोल बर्फात रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरू नये, मोटर तापते आणि चाक अजूनच खाली जातं. उतरून फावड्याने मोकळं करायचं, चाकाखाली वाळू टाकायची. दुसरं म्हणजे हायब्रिड पाय उचलला की मोटरने गाडी हळू करते आणि बॅटरी भरते, बर्फावर ब्रेक मारताना चाक घसरलं की ते बंद होऊन एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सुरू होतं, त्या क्षणी ब्रेकचं पॅडल पायाखाली थरथरतं आणि खडखड आवाज येतो. घाबरून पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा. तिला म्हणावं रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये हळू स्पीडला हे चार-पाच वेळा मुद्दाम करून बघ, पायाला एकदा सवय झाली की रस्त्यावर गडबड होत नाही. पुढच्या गाडीपासून ८-१० सेकंदांचं अंतर ठेवायचं, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला सुरुवात करायची, आपली गाडी तिथे पोचेपर्यंत.

आणि हे मात्र नक्की सांगा. हायब्रिड शांत उभी असते म्हणून ती बंद आहे असं वाटतं, पण बटण चालू असेल तर इंजिन आपोआप सुरू होतं. बर्फात अडकून हीटर लावून बसायची वेळ आली तर आधी उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा करायचा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो, काहीच कळत नाही. घराच्या बंद गॅरेजमध्येही गाडी चालू राहिली नाही ना हे रोज बघायचं. गाडीत ब्लँकेट, फावडं, पाणी, चार्जर राहू द्या. काकूंनाही सांगा काका, टायर बसल्यावर सांगितलंत तरी चालेल.

प्रश्न : दादा, माझा भाऊ टोरंटोला आहे, त्याच्या हायब्रिडचं मायलेज थंडीत एकदम पडलंय. बॅटरी गेली का? आणि मिठाने गाडी गंजते म्हणतात ते खरं का? — एक वाचक, सिडको

उत्तर : बॅटरी गेली असं लगेच समजू नका. हायब्रिडचं मायलेज चांगलं असतं ते इंजिन मधेमधे बंद राहतं म्हणून, आणि कडाक्याच्या थंडीत केबिन गरम ठेवायला इंजिन चालूच ठेवावं लागतं. उणे ७ च्या आसपास, छोट्या अंतरात, ३० टक्क्यांच्या पुढे घट येते, साध्या पेट्रोल गाडीला साधारण १५ टक्के. हीटर थोडा कमी करून सीट हीटर लावला तर फरक पडतो. टायरमधली हवाही थंडीने उतरते, दर साडेपाच अंशांना साधारण १ पीएसआय, ती दर पंधरा दिवसांनी बघायला सांगा. लक्ष ठेवायचं ते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. बऱ्याच हायब्रिडमध्ये इंजिन ती फिरवत नाही पण कॉम्प्युटर तिच्यावर जागा होतो, ती बसली तर मोठी बॅटरी फुल असूनही गाडी सुरू होत नाही.

मिठाचं खरं आहे, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. काही हायब्रिडमध्ये मागच्या मोटरला जाणाऱ्या हाय व्होल्टेज केबलचा जोड मिठाच्या पाण्याने गंजल्याच्या तक्रारी आल्यात, आणि ती केबल महाग असते. गाडी खालून धुऊन घ्यायची, आणि सर्व्हिसला तो जोड मुद्दाम बघायला सांगायचा.

प्रश्न : जानेवारीत नाशिकहून मनाली गाडीने करायचं म्हणतोय, त्यासाठी ग्रँड विटारा घ्यायचा विचार आहे. स्ट्राँग हायब्रिड घेतली म्हणजे बर्फाला चालेल ना? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : इथे थोडं थांबा. २०२२ ला ही गाडी आली तेव्हापासून तिची स्ट्राँग हायब्रिड (जी काही वेळ नुसत्या बॅटरीवरही चालते) फक्त पुढच्या चाकांवर चालते, ऑल व्हील ड्राइव्ह हवा तर माइल्ड हायब्रिडमधली (जिच्यात मोटर इंजिनाला फक्त मदत करते) ऑलग्रिप, म्हणजे सुझुकीची ऑल व्हील ड्राइव्हवाली, बघावी लागेल. मायलेजसाठी एक, बर्फासाठी दुसरी. वर्षातले ३६० दिवस तुम्ही गंगापूर रोड आणि मुंबई हायवेवर असणार, तेव्हा मी तरी मनालीच्या पाच दिवसांसाठी गाडी ठरवणार नाही. शिवाय ताजा बर्फ पडला की सोलंग आणि अटल टनेलकडे पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. आपली गाडी मनालीत हॉटेलला लावा आणि वर जायला तिथली जीप करा, तो ड्रायव्हर त्या रस्त्यावर रोज जातो. हॉटेल बुक करताना पार्किंग छपराखाली आहे का आणि गाडी उतारावर तर लावावी लागणार नाही ना, हे फोन करून विचारून घ्या.