जळगाव ते मुंबई : विमान की रस्ता?

भाऊ, पहिल्यांदाच निघालास, तर नकाशावरच्या सरळ रेषेला भुलू नको. जळगाव-मुंबई हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, रस्त्यानं मात्र सव्वाचारशेच्या आसपास. एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंतच नव्वदेक किलोमीटर. तिथून आग्रा रोडनं मालेगाव, चांदवड, नाशिक. आठ तास धरच. खरा वेळ खातो तो कसारा घाट, अन् भिवंडी-ठाण्याची गर्दी तर विचारूच नको! म्हणून पहाटे चारला निघ, दुपारी पोचशील.

विमान हवेत तासभरच असतं. पण आधी विमानतळावर थांबणं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. चार तास जातातच. शिवाय रोज विमान असेलच असं नाही, तिकीट काढायच्या आधी वार बघ.

मी? रात्रीची रेल्वे.