पायऱ्यांची घसरगुंडी: दिवस ते रात्र टाइमलॅप्सवर वाचकांचे प्रश्न

दुपारच्या उन्हापासून दिवे लागेपर्यंतचा टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) शूट करणाऱ्यांची खरी परीक्षा संगणकासमोर बसल्यावर सुरू होते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न उजेडाच्या उड्या आणि रंगाची चलबिचल यांविषयी आहेत.

प्रश्न : सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून नंतर सव्वा तासापर्यंत दर १० सेकंदांना एक, अशा ८१० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम्स काढल्या. अंधारत गेलं तसं शटर १/३ स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवत गेलो. व्हिडिओत प्रत्येक बदलाला चित्र टपकन उजळतं, मग हळूहळू काळवंडतं, पुन्हा उजळतं. डिफ्लिकर (लुकलुक पुसणारं साधन) दोनदा लावला, तरी धडधड राहतेच.

डिफ्लिकर हे शेवटचं काम आहे, तुम्ही त्याला पहिल्या कामाला जुंपलंत. तो चित्राकडे बघून अंदाज बांधतो. इथे अंदाजाची गरजच नाही. कोणत्या फ्रेमला शटर किती होतं, आयएसओ किती, अ‍ॅपर्चर किती, हे प्रत्येक फाइलीत नोंदलेलं असतं. त्यामुळे उडी किती मोठी, हे हिशेबाने कळतं.

आलेख डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर जिन्यासारखं चढतं: सपाट पायरी, मग १/३ स्टॉपची उडी. बाहेरचा उजेड मात्र पायऱ्या घेत नाही, तो सलग उतरतो. म्हणून एका पायरीवरच्या फ्रेम्स क्रमाने काळवंडतात आणि उडीला एकदम उजळतात. तयार होतात ते करवतीचे दाते. आपल्याला करायची आहे जिन्याची घसरगुंडी.

समजा एका पायरीवर १० फ्रेम्स आहेत आणि पुढची उडी ०.३३ स्टॉपची आहे. पायऱ्यांच्या मधोमध जाणारी रेघ दर फ्रेमला ०.०३३ ने चढते. दुरुस्ती म्हणजे रेघ वजा पायरी. पायरीच्या पहिल्या फ्रेमला −०.१५, दुसरीला −०.१२, तिसरीला −०.०८, असं करत दहावीला +०.१५. पुढच्या पायरीची पहिली फ्रेम पुन्हा −०.१५. दोहोंतला फरक ०.३०, त्यात रेघेची स्वतःची एका फ्रेमची चढण ०.०३, म्हणजे बरोबर ०.३३. उडी गिळली गेली, आणि एकाही फ्रेमला पाव स्टॉपही ढकलावं लागलं नाही. पूर्ण स्टॉपच्या उड्या मारल्या असत्या तर हीच दुरुस्ती ±०.५ पर्यंत गेली असती. तीही रॉमध्ये सहज पेलते, फक्त सावल्यांतला नॉइज पायरीगणिक बदलताना किंचित दिसतो.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली: पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकच सरळ रेघ ओढणं. संध्याकाळचा उजेड एका गतीने जात नाही. स्वच्छ आकाश असेल तर सूर्यास्ताला उजेड साधारण ४०० लक्स असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर पोचेपर्यंत तो साडेतीन लक्सच्या आसपास येतो. हे जवळजवळ ७ स्टॉप झाले. सूर्यास्ताआधीच्या तासात मात्र पायऱ्या तुरळक असतात. सरळ रेघ ओढली तर मधल्या फ्रेम्सना एक-दोन स्टॉप ढकलावं लागतं. रेघ पायऱ्यांच्या अंगानेच वळली पाहिजे: आधी सौम्य, मग चढी, शेवटी पुन्हा सपाट.

दुसरी चूक बारीक आहे आणि तासभर डोकं खाते. शटरचे छापील आकडे खरे नसतात. १/६० म्हणजे प्रत्यक्षात १/६४, १५ सेकंद म्हणजे १६, ३० म्हणजे ३२. आकडे दुपटी-निमपटीच्या पटीत बसवलेले असतात, कॅमेऱ्यावर गोल करून लिहिलेले असतात. ८ वरून १५ वर गेल्यावर छापील आकड्यांनी हिशेब केला तर ०.९१ स्टॉप येतो, खरी उडी १.०० ची असते. राहिलेला ०.०९ चा झटका मोकळ्या आकाशात दिसतो. दुरुस्ती नेमकी केली तरी लांब शटरच्या भागातच उचकी राहत असेल, तर कारण हेच.

हा हिशेब हाताने करायची गरज नाही. एलआरटाइमलॅप्स या टाइमलॅप्सच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर उघडा, कीफ्रेम्स विझार्डने चार-पाच कीफ्रेम्स (ज्यांच्या सेटिंग्ज आपण ठरवतो त्या फ्रेम्स, मधल्यांच्या आपोआप सरकतात) ठेवा, मग होली ग्रेल विझार्ड चालवा. नाव थाटाचं असलं तरी काम वरच्या वजाबाकीचंच आहे. त्याच्या स्लायडरने रेघेचा कल बदलता येतो. दुरुस्तीच्या वक्राची टोकं शून्यापासून फार लांब जाणार नाहीत असं बघा. सेव्ह करून लाइटरूम या फोटो एडिटरमध्ये फक्त कीफ्रेम्स एडिट करा: पहिली पूर्ण करा, तिच्या सेटिंग्ज दुसरीवर चढवा, तिथून दुसरी बदला, असं पुढे. मेटाडेटा फाइलीत सेव्ह करा, परत येऊन रीलोड, ऑटो ट्रान्झिशन, आणि व्हिज्युअल प्रीव्ह्यू तयार झाल्यावर शेवटी व्हिज्युअल डिफ्लिकर. मेटाडेटा सेव्ह करायचं विसरलात तर ऑटो ट्रान्झिशनला तुमचं एडिटिंग दिसतच नाही आणि सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. गेलेली नसते, सेव्ह करून पुन्हा रीलोड करा.

प्रश्न : व्हाइट बॅलन्स (चित्राची उबदार-थंड छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर राहिला. आकाश नारिंगी, करडं, पुन्हा नारिंगी असं होतं. सगळ्या फ्रेम्सना एकच आकडा दिला तर रात्र शेंदरी होते. मग नेमकं काय करायचं?

फ्रेम्स रॉ असतील तर काही बिघडलेलं नाही. ऑटोने काढलेला आकडा ही फक्त चिठ्ठी असते, ती फाडून टाका. आधी सगळ्या फ्रेम्सना ५५०० केल्विन द्या आणि सीक्वेन्स एकदा चालवून बघा. चलबिचल थांबली की खरा रंगबदल कुठे होतो ते दिसतं. मग तीन कीफ्रेम्स पुरतात: उन्हात आणि सूर्यास्तात ५५००, निळ्या वेळेला (सूर्यास्तानंतरच्या निळसर उजेडात) ४७०० च्या आसपास, दिव्यांच्या रात्री ३६०० ते ३८००.

आकडा खाली आणायला सूर्यास्ताची लाली ओसरल्यावरच सुरुवात करा. आकाश तापत असताना स्लायडर थंडीकडे नेलात तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि सूर्यास्त राखेसारखा होतो. या चुकीला लोक ‘कॅमेऱ्याने रंग पकडले नाहीत’ म्हणतात.

मधल्या आकड्यांबाबत एक बारकावा. डोळ्याला रंगातला फरक केल्विनच्या सरळ हिशेबाने दिसत नाही. तो १० लाख भागिले केल्विन, म्हणजे मायरेडच्या हिशेबाच्या जवळ असतो. ३००० वरून ३१०० ला जाताना जवळजवळ ११ मायरेड बदलतात, ८००० वरून ८१०० ला जाताना जेमतेम दीड. म्हणून केल्विनमध्ये समान पावलं टाकली तर वरच्या भागात काही घडत नाही आणि खाली रंग घाईने बदलतो. ५५०० (१८२ मायरेड) ते ३६०० (२७८ मायरेड) यांचा खरा मध्य २३० मायरेड, म्हणजे ४३५० केल्विन. सरळ सरासरी ४५५० येते. इतका फरक चालून जातो. पण ८००० ते ३००० असा मोठा पल्ला असेल तर मध्य ४३५० च्या जवळ असतो आणि सरासरी सांगते ५५००. तिथे मध्यावर एक जादा कीफ्रेम ठोकून तिला ४३५० द्या, काम झालं.

टिंट विसरू नका. काही दिव्यांच्या उजेडात हिरवी झाक असते. शेवटच्या कीफ्रेमवर टिंट थोडा मॅजेंटाकडे न्या, तोही आपोआप सरकत येईल.

जेपेग असतील तर इतकं हात ढिले सोडून काम होत नाही. एखादा रंगचॅनल आधीच भरून वाहिला असेल तर त्यातला तपशील परत येत नाही.

प्रश्न : एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही स्थिर आहेत, शूट करताना सेटिंग बदललंच नव्हतं. तरी ढग सरकले की जमीन लुकलुकते. लाइटरूममध्ये हायलाइट्स −१००, शॅडोज +८० आहेत.

तेच दोन स्लायडर कारणीभूत आहेत. हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी, डिहेझ ही नियंत्रणं प्रत्येक फ्रेममध्ये काय आहे ते बघून काम करतात. पांढरा ढग चौकटीत शिरला की हिशेब बदलतो आणि तीच जमीन वेगळी उजळते. ±३० च्या आत सहसा निभावतं. त्यापुढचं काम टोन कर्व्हवर आणि आकाशावरच्या लिनिअर ग्रेडियंटवर टाका. ग्रेडियंटचं एक्स्पोजरही कीफ्रेममधून सरकवता येतं, फक्त प्रत्येक कीफ्रेममध्ये तोच ग्रेडियंट त्याच क्रमाने हवा. कर्व्हला चित्रात काय आहे याच्याशी घेणंदेणं नसतं.

प्रश्न : डिफ्लिकर केल्यावर रस्त्यावरचे दिवे लागतात त्या क्षणी आकाश एकदम काळं पडतं. दिवे लागायच्या आधीही एक सेकंद विचित्र उजळतं.

डिफ्लिकर प्रत्येक फ्रेमच्या उजळपणाची तुलना आजूबाजूच्या फ्रेम्सच्या सरासरीशी करतो. दिवे एका फ्रेममध्ये लागतात, सरासरी मात्र आधीपासून चढायला लागते. मग आधीच्या फ्रेम्स सरासरीपेक्षा अंधाऱ्या ठरतात म्हणून उजळल्या जातात, नंतरच्या जास्त उजेडाच्या ठरतात म्हणून दाबल्या जातात. आकाश बिचारं दिव्यांची शिक्षा भोगतं.

मोजणीचा चौकोन आखून द्या: दिव्यांपासून लांब, शक्यतो ढग न येणारा आकाशाचा तुकडा, चौकटीचा दहावा हिस्सा पुरतो. आणि सरासरीची लांबी कमी करा. २५ फ्रेम्सच्या गतीला २५ चा आकडा म्हणजे पूर्ण एक सेकंद झाला. १० ते १५ वर सुरुवात करा. जास्त लांबी घेतली की ढगाआड जाणारा सूर्य, लागणारे दिवे, सगळ्या खऱ्या घटना पुसट होतात.

आणि मुळात लुकलुक कशाची आहे ते तपासा. अ‍ॅपर्चर एफ/११ सारखं बंद ठेवलं असेल तर लेन्सची पाती दर फोटोला तंतोतंत तिथेच थांबत नाहीत, त्याची ही थरथर असते. तिला डिफ्लिकर उत्तम. पुढच्या वेळी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा किंवा हाताने रिंग फिरवायची लेन्स वापरा, दुखणं मुळातून जाईल.

प्रश्न : सगळं गुळगुळीत झालं, पण रात्र रात्र वाटत नाही. ढगाळ दुपारच वाटते.

घसरगुंडी करताना तुम्ही शेवटची फ्रेम पहिलीइतकीच उजळ ठेवलीत. शेवटच्या कीफ्रेमवर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली आणा आणि ही उतरण सूर्यास्तानंतरच्या भागात पसरवा. हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) डावीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात गोळा झाला तर घाबरू नका, दिव्यांची टोकं उजवीकडे असली की पुरे. नॉइजही आपसूक लपतो.

प्रश्न : माझ्याकडे मूळ फ्रेम्स राहिल्या नाहीत, तयार क्लिपच आहे. उड्या व्हिडिओ एडिटरमध्ये काढता येतील?

काही अंशी. ब्राइटनेस नावाच्या स्लायडरला मात्र हात लावू नका. व्हिडिओतले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. साध्या एसआरजीबी चित्रात मध्यम करडा ११८ वर असतो, एक स्टॉप वाढवला की तो १६२ वर जातो आणि काळा शून्यावरच राहतो. ब्राइटनेस सगळ्यालाच ४४ जोडतो. काळाही ४४ होतो आणि चित्रावर धुकं चढतं. लिनिअर जागेत (जिथे आकडे उजेडाच्या प्रमाणात असतात) गेन किंवा एक्स्पोजर असं नियंत्रण असेल तर ते घ्या, उडीच्या जागी क्लिप कापा, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कीफ्रेम द्या.

क्लिप ८ बिटची असेल तर दीड स्टॉप उचलल्यावर आकाशात पट्टे पडतील. थोडं ग्रेन टाकून ते मोडता येतात, घालवता येत नाहीत. फ्रेम्स हाताशी असणाऱ्यांनी १६ बिट टिफ काढून १० बिट प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये मास्टर ठेवावा, ८ बिटची प्रत सगळ्यात शेवटी.

प्रश्न : रात्रीच्या भागात गाड्या आणि ढग अचानक दुप्पट वेगाने पळतात. एडिटिंगमध्ये काही चुकलं का?

एडिटिंगमध्ये नाही. १० सेकंदांच्या इंटर्व्हलमध्ये (दोन फोटोंमधल्या अंतरात) तुमचं शटर १३ सेकंदांवर गेलंय, म्हणून कॅमेऱ्याने एकाआड एक टिचकी गाळली. शटर इंटर्व्हलपेक्षा किमान दोन सेकंद कमी ठेवा, म्हणजे इथे ८ सेकंदांवर थांबा आणि पुढचा उजेड आयएसओने भरा. आत्ताच्या क्लिपमध्ये तो भाग निम्म्या गतीवर टाकून फ्रेम ब्लेंडिंग लावा. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा जराशा दुहेरी दिसतील.