मोबाइलवर नुसतं बघून मुलांच्या मनावर खरंच इतका परिणाम होतो का?

होतो. तुम्ही लिहिलंय की नववीतल्या भाचीला ऑनलाइन कुणी त्रास दिला नाही, धमकावलं नाही, तरी रील्स बघून ती खचलीये असं ताई म्हणते, आणि तुम्हाला हा बाऊ वाटतो. मी शाळेत समुपदेशक आहे. ताईंचं ऐका, असंच मी म्हणेन.

लंडनची मॉली रसेल नोव्हेंबर 2017मध्ये गेली, वय 14. तिने आपलं आयुष्य संपवलं होतं. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाइक किंवा शेअर केलेल्या 16,300 पोस्टपैकी 2,100 नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्या यांविषयीच्या होत्या. पिंटरेस्ट हे चित्रं जमवून ठेवायचं ॲप तर 'नैराश्याच्या या पिन्स (म्हणजे चित्रं) तुम्हाला आवडतील' अशी ईमेल पाठवत होतं. चौकशीत साक्ष देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, की हे सगळं तपासल्यावर काही आठवडे त्यांनाच नीट झोप लागत नव्हती. मग चौदा वर्षांच्या पोरीचं काय होत असेल! सप्टेंबर 2022मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत नैराश्यासोबत ऑनलाइन मजकुराचा दुष्परिणामही नोंदवला. कंपन्यांना जाब विचारणारा ब्रिटनचा 2023चा कायदा येण्यात तिच्या वडिलांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे.

होतं असं, की उदास असताना मूल एखाद्या रडक्या रीलवर जरा जास्त थांबतं. तेवढं ॲपला पुरतं. पुढची रील तशीच, त्यापुढची आणखी गडद. माझ्यासमोर एका मुलीने फोन उघडला, तर पावसाची खिडकी, काळी पाटी, 'माझ्या नसण्याने कुणाला फरक पडणार', पुन्हा तेच. मध्ये एक मेकअपची जाहिरात. ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनाच असं वाटतं ना?" मला सगळ्यात भीती वाटते ती याची. मुलांना ते जगच खरं वाटू लागतं.

फोन एकदम हिसकावू नका, ती लपवायला शिकेल. शेजारी बसून 'तुला काय काय दिसतं, दाखव ना' म्हणा, आणि नको त्या रील्सवर 'नॉट इंटरेस्टेड' तिलाच दाबू द्या. झोप, जेवण, मैत्रिणी सुटल्या असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीतही बोलता येतं.